गाडीखालची परात

आमच्या घरात गाडी चालवता येते ती एकट्या मला. नवऱ्याला शिकवून बघितलं, पण समोरून ट्रक आला की तो डोळे मिटून घेतो, आणि ही सवय ड्रायव्हरला परवडणारी नाही. शेजारी बसतो तेव्हाही तो डोळे मिटूनच असतो. पाहुण्यांना वाटतं, किती शांत माणूस आहे.

गाडी जुनी आहे. लातूरच्याच एका डॉक्टरांनी वापरून वापरून सोडलेली, पांढरी, पेट्रोलवरची. घेतली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य होऊन गेलं होतं, उरलेलं ती आमच्याकडं काढते आहे. कागदपत्रं माझ्या नावावर आहेत. हे आधीच सांगून ठेवते, पुढं उपयोगी पडेल.

या गाडीला महत्त्वाचं म्हणावं असं एकच काम आहे. महिन्यातून एकदा आत्याबाईंना नांदेडला न्यायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला असंच म्हणतात. त्यांची थोरली बहीण, अक्का, विष्णुपुरीला मुलाकडं असते. लातूरहून जाताना विष्णुपुरी शहराच्या अलीकडंच लागते, त्यामुळं आम्ही दर महिन्याला नांदेडला जातो आणि नांदेड काही बघत नाही. अक्का दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. दोघी मूळच्या हदगावकडच्या. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच आत्याबाईंना न्हाऊमाखू घातलं, कापूस वेचायला सोबत नेलं, लग्नात त्यांच्यापेक्षा जास्त रडली. हे सगळं मला आत्याबाईंनी कधी सांगितलं नाही. त्या मला फारसं काही सांगतच नाहीत. हे अक्काच्या सुनेकडून कळलं.

आम्ही जयभीम करून आत गेलो की दोघी बहिणी भांडायला लागतात. तुरीच्या डाळीला फोडणी कशाची, थोरल्या मामाचं लग्न कोणत्या गावात झालं, असले विषय. चार वाजता मी गाडीची चावी हातात घेते. मग अक्का आत्याबाईंचा हात धरून विचारते, "पुन्ना कधी येतीस?" आणि आत्याबाई म्हणतात, "फुडल्या महिन्यात. गाडी हाय ना." एवढं ऐकलं की अक्का हात सोडते. ऐकल्याशिवाय सोडत नाही. एकदा मी मध्येच घाई केली, तर तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी परत स्टुलावर बसले.

एसटीनं जाणं आत्याबाईंना जमत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी लागते, आणि एसटीची पहिली पायरी कोणत्या माणसांसाठी बनवली आहे हे मला अजून कळलेलं नाही. त्यामुळं गाडी आहे तर अक्का आहे, असा सरळ हिशेब होता. तो आम्ही कुणी बोलून दाखवत नव्हतो.

दिवाळीनंतरच्या फेरीला गाडी तापली.

अहमदपूरच्या अलीकडं तापमानाचा काटा वर सरकायला लागला. आधी मला वाटलं, काट्यालाच काहीतरी झालंय. आपल्या गाडीबद्दल माणूस असाच विचार करतो. मग बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, तेव्हा काट्यावर विश्वास ठेवावा लागला. मी गाडी एका ढाब्यापाशी कडेला घेतली. ढाब्याचा मालक पाण्याचा जग घेऊन धावत आला आणि म्हणाला, "टोपन काढा, पानी वता, लगेच गार होईल." मी त्याला सांगितलं की आत्ता टोपण काढलं तर आतलं उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. त्यानं जग खाली ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिला. पण निघून मात्र गेला नाही. मी शेवटी काढीनच, या आशेवर तो बराच वेळ थांबला होता.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही बाजेवर बसलो. बघितलं तर कूलंटची बाटली कोरडी ठणठणीत. इंजिनाला थंड ठेवणारं ते हिरवं पाणी कुठून तरी, कधीतरी, गुपचूप गळून गेलेलं होतं. ढाबेवाल्याच्या जगमधलं पाणी भरलं, हळूहळू चालवत निघालो, आणि विष्णुपुरीला पोचेस्तोवर दिवस कलला. अक्काला औषधाची झोप लागली होती. आत्याबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. इकडं नवऱ्याचे फोनवर फोन, अंधार पडायच्या आत निघा म्हणून. अक्कानं एकदा डोळे उघडले, बहिणीला ओळखलं की नाही कोण जाणे, आणि पुन्हा मिटले. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही आणि कुणी उत्तर दिलं नाही.

घरी नवरा दारातच उभा होता. त्याचं म्हणणं साधं होतं आणि खोटं नव्हतं. रस्त्यात आईला काही झालं असतं तर? त्याच्या ऑफिसातल्या एकाचा मेव्हणा उदगीरला जुन्या गाड्या घेतो, त्याला देऊन टाकू. आईला वर्षातून एकदा भाड्याच्या गाडीनं नेऊन आणू. अक्काच्या बाबतीत वर्षातून एकदा याचा अर्थ काय होतो हे तिघांनाही कळलं. मी दमलेली होते, हाताला ऑइल, डोक्यात वाफ. मी म्हणाले, "यापुढं या गाडीनं एक थेंब जरी खाली पाडला ना, तर मीच नेऊन विकीन."

आत्याबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं, आणि परत मेथीत लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी उस्तादकडं नेली. उस्ताद म्हणजे आमच्या भागातले जुने मेकॅनिक. त्यांच्या वडिलांचंही हेच गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या भिंतीवरचं काळं वडिलांच्या काळापासूनचं आहे. उस्तादचा स्वभाव असा की गाडीत बिघाड आहे असं कुणी म्हटलं की त्यांना तो आपला अपमान वाटतो, कारण लातुरातल्या निम्म्या गाड्या त्यांच्याच हातच्या.

"भाभी, गाडी एकदम ठणठणीत हाय," ते बॉनेट उघडायच्या आधी म्हणाले. मग उघडलं. रेडिएटरचं टोपण सैल झालंय म्हणून नवीन बसवलं. पाइपांच्या पट्ट्या, म्हणजे क्लिपा, आवळल्या. नवीन हिरवं कूलंट भरलं. इंजिन चालू ठेवून अर्धा तास खाली टॉर्च मारत पडून राहिले. एक थेंब नाही. "बघा," ते खालूनच म्हणाले. "टोपनचाच लफडा व्हता. बाकी कायबी न्हाई."

मी एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगाची मांडणी करायची, तुटलेल्या काचा गोळा करायच्या आणि मुलांनी लिहिलेली वाचनं, म्हणजे रीडिंगं, तपासायची, हे माझं काम. त्यामुळं कुणी "काही नाही" म्हटलं की मला समाधान होत नाही. मी कूलंटच्या बाटलीवर मार्कर पेननं रेघ मारली आणि रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी बघायला लागले. पाणी रेघेवर. दुसऱ्या दिवशी रेघेवर. आठवडाभर रेघेवर. नवऱ्यालाही बोलावून दाखवलं, तो म्हणाला, "छान आहे," आणि डोळे उघडे ठेवून म्हणाला.

पुढच्या महिन्याची नांदेडची फेरी बिनबोभाट झाली. अक्का जागी होती, दोघींनी भांडण केलं, शेवटचं वाक्य नीट म्हटलं गेलं.

मग थंडी वाढली, आणि मला ती रेघ खटकायला लागली.

आमच्याकडं प्रयोग न करताच वही भरणारा विद्यार्थी लगेच ओळखू येतो. त्याची सगळी वाचनं सारखी असतात. खरं वाचन कधी सारखं येत नाही, थोडं वर, थोडं खाली. गार सकाळी बाटलीतलं पाणी थोडं खाली दिसायला हवं, गरम इंजिनावर थोडं वर. माझ्या गाडीचं पाणी रोज सकाळी रेघेला टेकलेलं, जसं कुणी डोळा लावून भरलंय. वर त्याचा रंगही उतरत चालला होता. उस्तादनी भरलं तेव्हा गर्द हिरवं होतं. ते पोपटी झालं, मग पाण्यात कोथिंबीर धुतल्यावर दिसतं तेवढंच हिरवं उरलं. पाणी जात नाही आणि रंग मात्र जातो, हे कोणत्याही पुस्तकात बसेना.

याच सुमारास घरातला पिण्याच्या पाण्याचा जारही लवकर संपायला लागला होता. लातुरात पाण्याचा हिशेब सगळ्यांच्या अंगात भिनलेला असतो. नळाला आठवड्यानं पाणी, बोअरचं खारं, म्हणून प्यायला जार. जार लवकर का संपतो यावर मी नवऱ्याला बोलले. त्यानं प्यायचं कमी केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मी गाडी पुन्हा उस्तादकडं नेली. कॉलेजातून सुटल्यावर, तशीच गरम. ते पुन्हा खाली पडले, पुन्हा काही सापडलं नाही. पण रंग बघून मात्र ते गंभीर झाले. डोक्याला रुमाल बांधत म्हणाले, "भाभी, खाली पडून न्हाई राहिलं म्हणल्यावर आतच जात असंल. इंजिन पिऊन राहिलं का काय? मग तर इंजिनच खोलावं लागतंय." पातळी जशीच्या तशी आहे, मग इंजिन पितं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तेच तर." आणि चहा सांगितला.

इंजिन खोलायचं हे शब्द नवऱ्याच्या कानावर गेले. त्यानं त्याच संध्याकाळी उदगीरला फोन केला. तो माणूस सोमवारी गाडी बघायला येतो म्हणाला. रविवारी आमची नांदेडची फेरी ठरलेली होती. नवरा म्हणाला, "फेरी करून घे. शेवटची." हे त्यानं हळू आवाजात म्हटलं, पण आमचं घर एवढं मोठं नाही.

मला राग आला होता, आणि तो नवऱ्यापेक्षा त्या रेघेवर जास्त होता. गाडी विकायची तर विकू, पण ती माझ्याशी खोटं का बोलते हे कळल्याशिवाय नाही. रात्री मी एका टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवला. पडलं तर डाग उमटेल. सकाळी काढून बघितला, तर एकही डाग नाही. फक्त रात्रीतून त्यावर बारीक धूळ बसली होती, कारण आमच्या गल्लीत रस्त्याचं काम चालू आहे आणि बहुतेक कायम चालू राहील. त्या धुळीत एक गोल होता. ताटापेक्षा मोठा, कडा स्वच्छ, आतली जागा कोरी.

गाडीखाली पडणारं गोल नसतं. ते वेडंवाकडं पसरतं. असा गोल फक्त भांड्याच्या बुडाचा उठतो.

पुठ्ठा मी होता तिथंच परत सरकवला. रात्री झोपताना पहाटेचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधी उठले. थंडी अशी की फरशीवर पाय टेकवत नव्हता. दार हळूच उघडून अंगणात आले, तर बॉनेट अर्धवट उघडं होतं आणि त्याला आधार आत्याबाईंच्या काठीचा. बॉनेटला स्वतःची दांडी असते, ती त्यांना माहीत नसावी. काठी तिथं लावल्यामुळं त्या स्वतः एका हातानं गाडीला धरून उभ्या होत्या. अंगावर शाल, डोक्याला माझाच जुना स्कार्फ. पायाशी परात, परातीत वाटीभर पोपटी पाणी. बाटलीच्या तोंडाला रॉकेलच्या काळातलं नरसाळं, नरसाळ्यावर पांढरं फडकं. लोट्यानं त्या ते पाणी गाळून बाटलीत ओतत होत्या. रेघेपाशी आल्यावर वाकून, डोळे बारीक करून बघितलं, आणि शेजारच्या तांब्यातून थोडं जारचं पाणी घातलं. बरोब्बर रेघेला. असं नेमकं वाचन आमच्या प्रयोगशाळेत कुणी घेत नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले.

त्या दचकल्या नाहीत. राहिलेलं पाणी आधी ओतून झालं. मग म्हणाल्या, "वाया जाऊन राहिलं व्हतं."

मला पहिल्यांदा दिसली ती परात. "यात आपण कणीक मळतो?"

"न्हाई. ही जुनी हाय. माळ्यावरची."

"हे विष असतं. हात धुवा आधी. हे फडकं कुठलं?"

"मी काय पिऊन राहिले का?" त्यांनी फडकं पिळलं. पिळलेलंही बाटलीत.

मी त्यांना पायरीवर बसवलं, हातावर साबण दिला, पाणी ओतलं. मग विचारलं, हे कधीपासून. म्हणाल्या, उस्तादनं भरून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. परात रात्री ठेवायच्या, पहाटे काढायच्या. बॉनेटचा खटका मी कसा ओढते ते त्यांनी शेजारी बसून बघून ठेवलं होतं. आधी नुसतं गळलेलं परत घालायच्या, पण थोडं इकडंतिकडं सांडायचं, रेघेला पोचायचं नाही. मग जारचं पाणी. नळाचं का नाही, तर "ते खारं असतंय. नळ्या खराब व्हतील." आम्हा तिघांच्या घरात सगळ्यात चांगलं पाणी दोन महिने गाडी पीत होती.

"पण सांगायचं ना मला. लपवायचं कशाला?"

त्या हात पुसत होत्या. एकेक बोट निगुतीनं पुसून झालं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तूच म्हणली व्हतीस. थेंब जरी खाली पडला तर विकीन. मग म्या खाली पडूच दिला न्हाई."

मला राग आला होता, तो होताच. पण त्याच्या मागोमाग, पहाटेच्या थंडीत, बॉनेटला काठी टेकवलेली बघत, मला रडू फुटलं. आत्याबाईंना वाटलं गाडीसाठी रडते आहे. म्हणाल्या, "लई न्हाई गळत. वाटीभरच हाय."

डोळे पुसून मी चौकशीला लागले. कुठून गळतं? तुझ्या बसायच्या बाजूला, चाकाच्या पुढं. दिवसभर? न्हाई, पहाटंलाच. ऊन पडलं का बंद. थंडी पडायच्या आधी? तवा कमी व्हतं, थंडी पडल्यावर वाढलं. मी मोबाईलचा टॉर्च घेऊन फरशीवर उताणी पडले. रेडिएटरच्या खालच्या बाजूनं जाड रबरी पाइप निघतो, त्याच्या टोकाला, उस्तादनी आवळलेल्या क्लिपेखाली, एक थेंब जमत होता. मोठा झाला, लोंबला, पडला. दोन महिन्यांत मला दिसलेला तो पहिला थेंब.

बिघाड असा होता. जुनं रबर कडक झालेलं. थंडीत ते आणि क्लिप दोन्ही आखडतात, बारीकशी फट पडते, पाणी झिरपतं. इंजिन तापलं की रबर फुगून फट बुजते. मी गाडी दरवेळी चालवत, म्हणजे गरम करूनच, उस्तादकडं नेत होते, आणि ते दरवेळी बुजलेल्या फटीवर टॉर्च मारत होते. गार गाडी बघणारी घरात एकच व्यक्ती होती, आणि ती काही बोलत नव्हती. मीही तिला कधी काही विचारलं नव्हतं.

मी उस्तादना फोन करून सांगितलं की गाडी येणार नाही, तुम्हीच या, आणि आत्ता या. ते स्वेटर, मफलर आणि नाराजी घालून आले. खाली पडून बघितलं, आणि थेंब त्यांच्या गालावर पडला. उठून बसत म्हणाले, "मी म्हणलोच व्हतो, पाइपातच लफडा हाय." असं ते कधीही म्हणाले नव्हते. मी चहा दिला. आत्याबाईंना त्यांनी सलाम केला आणि त्या परातीकडं एकदा, माझ्याकडं एकदा बघितलं.

खालचा पाइप नवीन बसवला. आवळायच्या क्लिपा काढून स्प्रिंगच्या क्लिपा लावल्या, ज्या रबर आखडलं तरी आपोआप धरून राहतात. सगळं जुनं पाणी काढून आतून धुतलं, कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी मिसळून भरलं. मग गाडी रात्रभर अंगणात तशीच ठेवून पहाटे, गार असतानाच, उस्तादनी टोपणाच्या जागी हातपंप लावून आत हवेचा दाब दिला. पंपावरचा दाबाचा काटा जिथं होता तिथंच राहिला. आम्ही चौघं त्या काट्याकडं बघत उभे होतो, नवरासुद्धा, आणि त्यानं डोळे मिटले नव्हते. जुना पाइप आत्याबाईंनी मागून घेतला. तो धुऊन गच्चीवर ठेवला आहे. कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.

नवऱ्याला मी परातीचं सांगितलं नाही. पाइप बदलला, गळती बंद झाली, एवढंच सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, "बरं झालं. आता सोमवारी चांगला भाव येईल."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. पाइप नवीन झाला तरी गाडी जुनीच होती, पुढं पंप जाईल, मग आणखी काही. रस्त्यात बंद पडू शकणारी गाडी आणि काठी घेऊन चालणारी आई, या दोन्हींची काळजी एकाच माणसानं करावी तर तो दुसरं काय म्हणणार?

रविवारी निघालो. काटा मध्यावर गेला आणि तिथं बसला. अहमदपूरच्या ढाब्यापाशी मालक बाहेरच उभा होता. आम्ही न थांबता पुढं गेलो, तेव्हा तो निराश दिसला. आत्याबाई पूर्ण रस्ताभर त्या काट्याकडं बघत होत्या. लोह्याच्या पुढं मी म्हणाले, "बाहेर बघा, हरभरा चांगला आलाय." त्यांनी एकदा बाहेर बघितलं आणि परत काट्याकडं.

अक्का जागी होती. उशीला टेकून बसवली होती, नुकतंच न्हाऊ घातलेलं. पण त्या दिवशी भांडण झालं नाही. आत्याबाई डाळीच्या फोडणीचं अक्काचंच खरं म्हणाल्या, मामाच्या लग्नाचं गावही अक्काचंच बरोबर म्हणाल्या. अक्काला संशय आला. ती बहिणीकडं बारकाईनं बघायला लागली. मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकले.

"ही म्हणती, तुझी गाडी कधीच बंद पडत न्हाई," अक्का म्हणाली. "लई चांगली चालवती म्हणती. माझी सून हाय म्हणून नेती, पोरगा न्हाई नेत, म्हणती."

एवढ्या वर्षांत आत्याबाईंनी माझ्या तोंडावर माझ्या पोळीलासुद्धा बरं म्हटलेलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर धरणाच्या बाजूला बघत होत्या, जसं काही बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

"न्हाई पडत बंद," मी अक्काला म्हणाले. प्रयोगशाळेत असं वाचन मी खोडून काढलं असतं.

चार वाजले. मी चावी हातात घेतली. अक्कानं बहिणीचा हात धरला आणि विचारलं, "पुन्ना कधी येतीस?"

आत्याबाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. खोटं त्या परातीनं बोलू शकत होत्या, तोंडानं बोलणं त्यांना येत नव्हतं. अक्का वाट बघत होती. हात सोडत नव्हती. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशीही त्यांनी तोंडानं मागितलं नाही.

"फुडल्या महिन्यात," मी म्हणाले. "गाडी हाय ना."

अक्कानं हात सोडला.

बाहेर येऊन मी नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, उदगीरच्या माणसाला येऊ नको म्हणावं, कागदावर सही माझी लागते आणि मी करणार नाही. तो काहीतरी बोलत होता. मी फोन खिशात ठेवून गाडीपाशी आले. दिवसभर सावलीत उभी राहून इंजिन गार झालं होतं. आत्याबाई काठीवर भार देऊन, ऑपरेशनचा गुडघा सांभाळत, गाडीच्या पुढं वाकलेल्या होत्या. मीही त्यांच्या शेजारी वाकले. आम्ही दोघींनी खाली बघितलं.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना हात देऊन उठवलं, आणि त्यांनी तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.